"बी.एड.चे सूक्ष्मपाठ म्हणजे नुसतं नाटक" म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

शिक्षकांच्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरतोय. शिक्षक जन्मावा लागतो, सूक्ष्मपाठ (एकेका अध्यापन कौशल्याच्या सरावासाठी घेतलेला काही मिनिटांचा छोटा पाठ) म्हणजे मित्रांसमोर केलेलं नाटक, हे सगळं अमेरिकेचं फॅड, पोहायला शिकायचं तर पाण्यातच उडी मारावी लागते म्हणून बी.एड.च्या पोरांना थेट वर्गात सोडा, वगैरे.

जन्मजातचं आधी बघू. आवाज, मोकळेपणा हे असतं काहींकडे उपजत, मान्य. पण प्रश्न विचारल्यावर गप्प किती वेळ राहायचं हे कोण आईच्या पोटातून शिकून येतं? मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं, शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात, तेच ३ सेकंद थांबले तर मुलं लांब उत्तरं देतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलायला लागतात. आता आपण थांबत नाही हे आपलं आपल्याला कळतच नाही ना, मागे कुणीतरी घड्याळ घेऊन बसावं लागतं.

नाटक म्हणाल तर अर्धं खरंय. १९६३ ला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हे सूक्ष्मपाठ सुरू झाले तेव्हा समोर थोडी का होईना खरी मुलं असायची, आपल्याकडच्या एनसीईआरटीच्या पद्धतीत वर्गमित्रच विद्यार्थी होतात. पण त्या पद्धतीचं गणित बघा: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते बघणारे सांगतात), १२ मिनिटांत नवं नियोजन, परत ६ पाठ आणि ६ प्रत्याभरण, एकूण ३६ मिनिटं, आणि तेही एकाच कौशल्यासाठी, म्हणजे फलकलेखन तर फक्त फलकलेखन. सगळा जीव त्या दुसऱ्या पाठात आहे, चूक कळली की लगेच सुधारून बघायची. बऱ्याच कॉलेजांत हाच पुनर्पाठ नुसता वहीत लिहितात, सर सही करतात, झालं! मग नाटक कुणी केलं, पद्धतीने का आपण?

अमेरिकेच्या फॅडला एवढंच उत्तर, अलाहाबादला १९६७ मध्येच याचे प्रयोग झालेत.

आणि ते पोहणं. आपल्याकडे विहिरीत पोराला उतरवताना पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधतात आणि काका काठावर उभा असतो, नुसतं ढकलून देत नाहीत हो कुणी. वर्गात तर गटांगळ्या शिक्षक एकटा खात नाही, समोरच्या पन्नास पोरांचं ते वर्षच जातं. दोन वर्षांचं बी.एड. आलं तेव्हापासून (२०१५) २० आठवडे शाळेत काढायचेत, म्हणजे खऱ्या वर्गाचा सराव आहेच की. आता मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत मुख्याध्यापकही दिसतायत म्हणून विचारतो, तुमच्याकडे आलेल्या छात्राध्यापकांचा एक तरी पाठ मागच्या बाकावर बसून पूर्ण ऐकलात, का गैरहजर शिक्षकांचे तास घ्यायला पाठवलंत त्यांना?