स्प्रिंग बदलले, बाकीचं गणित कोण बदलणार?

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लिफ्ट स्प्रिंगबद्दल, म्हणजे गाडी उंच करायला मूळ स्प्रिंगच्या जागी बसवायच्या लांब स्प्रिंगबद्दल, एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सार तेच: ‘जिम्नी असो की थार, लिफ्ट स्प्रिंग घरच्या पार्किंगमध्ये दोन तासांत बसतात. गाडीसोबत आलेला जॅक आणि चार पाने पुरेत, स्प्रिंग कॉम्प्रेसर लागत नाही. डिफरेन्शियल दोन इंच वर जातो. जुने शॉकअप चालतात. बाकीच्या बोल्टना हात लावायचा नाही. सॉलिड अ‍ॅक्सलला अलाइनमेंट लागत नाही. आणि स्प्रिंग आत असल्यामुळे आरटीओला काही दिसत नाही.’ गॅरेजवाले उगाच लुटतात, ही शेवटची पुस्ती.

काम घरी होतं, हे मला मान्य आहे. जिम्नीवर तर छानच होतं. पण या मजकुरातली जवळजवळ प्रत्येक ओळ एक तर अर्धी खरी आहे, नाही तर दुसऱ्याच गाडीबद्दल आहे.

कॉम्प्रेसरचंच घ्या, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायच्या अवजाराचं. जिम्नीला पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा) आहे आणि चारही कोपऱ्यांत स्प्रिंग वेगळा, शॉकअप वेगळा. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, पुढच्या स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडल्या आणि अ‍ॅक्सल हळूहळू खाली घेतला, की स्प्रिंग सैल होतो आणि हाताने निघतो. इथे कॉम्प्रेसर खरंच लागत नाही. 2020 नंतरच्या थारला मात्र पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक दोन आर्मांवर स्वतंत्र हलतं, आणि स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेला असतो, वरच्या माउंटखाली दाबून धरलेला. तिथे कॉम्प्रेसर न लावता मधला नट सोडला तर दाबलेल्या स्प्रिंगची सगळी ताकद त्या क्षणी सुटते, आणि समोर तुमचं तोंड असतं. दोरीने किंवा सामान बांधायच्या पट्ट्याने स्प्रिंग आवळून ठेवायचे व्हिडिओ पाहिलेत. तसं कुणीही करू नये. थारचा पुढचा जोड ज्याच्याकडे स्प्रिंग दाबायचा प्रेस आहे त्याच्याकडून उघडून घ्यावा, बाकीचं घरी करावं. त्यात कमीपणा काही नाही.

गाडीचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. इथे चेसिस एका उंचीवर अडकवून ठेवायची आणि तिच्याखाली अ‍ॅक्सल वर-खाली करायचा, म्हणजे आधार दोन हवेत: चेसिसखाली स्टँड, अ‍ॅक्सलखाली ट्रॉली जॅक. मागची बाजू उचलली की आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षातून जाते. हँडब्रेक मागच्याच चाकांवर लागतो आणि ती चाकं आता हवेत आहेत, म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच उरलेलं नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. पार्किंगला उतार असेल तर त्या जागी हे काम नकोच.

अ‍ॅक्सल खाली घेताना त्याचा भार ब्रेकच्या रबरी पाइपवर आणि एबीएसच्या वायरवर येतोय का, ते बघत राहायचं. पाइप ताणला गेला तर आतून तडकतो, बाहेरून काही कळत नाही. नवा स्प्रिंग बसवताना त्याचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलंय याची बोटाने खात्री करा. टोक खाचेबाहेर राहिलं तर गाडीचं वजन आल्यावर स्प्रिंग फिरतो आणि पहिल्याच वळणाला खालून ‘टक्क’ ऐकू येतं. हे सगळं धीराने केलं तर दोन तास कुठल्या कुठे जातात. एखादा बोल्ट गंजलेला असला तरी अर्धी सकाळ त्याच्यावर जाते.

‘डिफरेन्शियल दोन इंच वर जातो’ हे मात्र जिम्नीबाबत सरळसरळ चूक आहे. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरची गोळी, अ‍ॅक्सलच्याच पोटात असतो आणि अ‍ॅक्सल चाकांवर उभा असतो. स्प्रिंग त्याच्या वर आहे. कितीही लांब स्प्रिंग टाका, वर जाते ती चेसिस आणि बॉडी. डिफरेन्शियलची गोळी जमिनीपासून होती तेवढ्याच उंचीवर राहते. ती वर न्यायची तर टायर मोठे हवेत. जिम्नीचा मूळ टायर 195/80 आर15, व्यास सुमारे 693 मिमी. त्याजागी 235/75 आर15 टाकला तर व्यास 733 मिमीच्या आसपास होतो आणि गोळी त्याच्या निम्म्याने, म्हणजे 20 मिमी वर जाते. शिवाय स्पीडोमीटर कमी दाखवू लागतो: काटा 80 वर असतो तेव्हा गाडी 84-85 ने पळत असते.

मग लिफ्टचा उपयोग काय? पाच दारांच्या जिम्नीला चांगलाच आहे, फक्त तो पोटाला होतो. तिचा व्हीलबेस 2590 मिमी आहे, परदेशातल्या तीन दारांच्या जिम्नीपेक्षा 340 मिमी जास्त. त्यामुळे उंचवटा ओलांडताना पोट टेकायचा कोन 28 ऐवजी 24 अंश झाला. दोन इंच लिफ्टने साधारण चार अंश मिळतात, म्हणजे लांबी वाढल्याने गेलेलं परत येतं. सह्याद्रीतल्या पायवाटवजा रस्त्यांवर, जिथे बांधाच्या माथ्यावर गाडी तराजूसारखी अडकते, तिथे हे चार अंश कामाचे.

आता शॉकअप. जुने शॉकअप बसतात, बोल्टही जुळतात, म्हणून लोक खूश होतात. पण शॉकअपची लांबी ठरलेली आहे. गाडी 50 मिमी वर उभी राहिली म्हणजे शॉकअप उभ्यानेच 50 मिमी जास्त उघडलेला आहे. खड्ड्यात चाक खाली जायला जी जागा हवी ती तेवढी कमी झाली. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर चाक खाली सुटतं, शॉकअप पूर्ण ताणून अडकतो आणि ‘धाड’ आवाज येतो. ऑफरोडला चाक जमिनीला टेकलेलं राहावं म्हणून हा सगळा खटाटोप. इथे ते आधीपेक्षा लवकर हवेत जातं! म्हणून लिफ्टला लांब शॉकअपच हवेत. ते टाकले की अ‍ॅक्सल आणखी खाली लटकतो, मग ब्रेकचा पाइप पुरतो का ते चाक पूर्ण लटकवून, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघायचं. एकातून दुसरं निघतंच.

‘बाकीच्या बोल्टना हात लावायचा नाही’ ही त्या मजकुरातली सर्वांत शहाणी वाटणारी आणि सर्वांत महागात पडणारी ओळ. जिम्नीचे आर्म, म्हणजे अ‍ॅक्सलला चेसिसशी जोडणारे दांडे, रबरी बुशांवर बसलेले असतात. बुशाची आतली नळी बोल्टने आवळून पक्की धरलेली, बाहेरची आर्ममध्ये घट्ट. मधलं रबर पिळलं जातं आणि परत येतं. कंपनीने ते बोल्ट मूळ उंचीवर आवळलेत. गाडी दोन इंच वर गेली की रबर नुसतं उभं राहूनही पिळलेलं असतं, चोवीस तास. काही महिन्यांत त्याला चिरा जातात. उपाय फुकट आहे: स्प्रिंग बसले, गाडी चाकांवर उतरवली, दोन-चार वेळा दाबून हलवली, की आर्मचे बोल्ट सैल करायचे आणि वजन चाकांवर असतानाच, नव्या उंचीवर, टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे. अवघडून झोपून करायचं काम आहे. म्हणूनच कुणी करत नाही, गॅरेजमध्येही.

अलाइनमेंटबाबत अर्धं बरोबर आहे. सॉलिड अ‍ॅक्सलचा कॅम्बर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) स्प्रिंगने बदलत नाही, टो-ही (वरून बघता चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) बदलत नाही. बदलतो तो कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा बाजूने बघता मागे असलेला कल. पुढचे आर्म मागे चेसिसला अडकलेले आहेत; चेसिस वर गेली की आर्म तिरके होतात आणि अ‍ॅक्सलला पुढे कलवतात. आर्म 900 मिमीचा धरला तर 50 मिमीला तीन अंश. तेवढ्यानेही वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ यायचं मंदावतं आणि हायवेवर गाडी तरंगल्यासारखी वाटते. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश मिळतात, ते घ्याच. शिवाय अ‍ॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड जास्त तिरका होऊन अ‍ॅक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो आणि ड्रॅग लिंकचा (स्टीअरिंगकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलल्याने सरळ जातानाही स्टीअरिंग तिरपं दिसतं. लिंकची लांबी फिरवून ते जुळतं. थारची गोष्ट वेगळी: तिथे पुढे टो, कॅम्बर सगळंच हलतं, त्यामुळे मशीनवर गाडी न्यायलाच हवी.

राहिलं आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठासून सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ खाली मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंग बदलणं म्हणजे गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य बदलणं का, यावर वाद घालता येईल. पण रस्त्यावर हवालदाराला दिसलं नाही म्हणून प्रश्न मिटत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी रॅम्पवर घेतो आणि खालून बघतो. नवे, वेगळ्या रंगाचे स्प्रिंग त्याला पहिल्या नजरेत दिसतात. बदल विमा कंपनीला आधीच लेखी कळवला होता का, हे तो तेव्हा विचारणार.