चिमणीतून 30 टक्के गॅस वाचत नसतो

“गॅसच्या बॉयलरला इकॉनॉमायझर बसवा, कार्यक्षमता 105 टक्के होईल आणि 30 टक्के गॅस वाचेल, तोपर्यंत बर्नरची हवा कमी करा आणि गॅस स्वच्छ जळतो म्हणून सॉफ्टनर बंद ठेवा,” असा संदेश कारखान्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. इकॉनॉमायझर म्हणजे चिमणीत जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवणारे यंत्र, आणि सॉफ्टनर म्हणजे पाण्यातले क्षार काढणारे. भोसरीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्या माझ्या भाच्याने तो वाचून हवेचा डॅम्पर (झडप) खरोखरच दोन खुणा खाली घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

हवा कमी करण्याचा हा सल्लाच सर्वांत घातक आहे. एक घनमीटर नैसर्गिक वायू पुरता जळायला सुमारे साडेनऊ घनमीटर हवा लागते आणि प्रत्यक्षात त्याहून 10 ते 15 टक्के जास्त द्यावी लागते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्या अर्धवट जळलेल्या कार्बनमधून पूर्ण ज्वलनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही उष्णता मिळत नाही, म्हणजे बचत दूरच, उलट गॅस वाया जातो. भाच्याला बर्नरच्या काचेतून निळी ज्योत पिवळी आणि लांबट झालेली दिसली, तेव्हा ती ‘गरम’ झाली असे त्याला वाटले; प्रत्यक्षात ते अपुऱ्या हवेचे लक्षण होते. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. तो बॉयलरघरात साठला तर माणूस दगावतो, आणि न जळलेला गॅस धूरमार्गात साठून पेटला तर स्फोट होतो. हवा बेताची ठेवणे योग्यच आहे, पण ते धूर तपासणारे यंत्र हाती घेऊन करायचे काम आहे.

आता 30 टक्क्यांचे पाहू. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की, धुराचे तापमान इकॉनॉमायझरने 22 अंशांनी उतरवले की इंधनात सुमारे 1 टक्का बचत होते. चिमणीत 220 अंश असतील आणि ते 130 वर आणले, तर हिशेब चार टक्क्यांचा होतो. चार टक्केही मोलाचेच आहेत, परंतु 30 टक्क्यांसाठी धूर 660 अंशांनी थंड करावा लागेल आणि चिमणीत तेवढे तापमानच नाही.

105 टक्क्यांत मात्र अर्धसत्य आहे, हे मान्य करावे लागते. गॅस जळताना पाण्याची वाफ होते. तिची सुप्त उष्णता (वाफेचे पाणी होताना सुटणारी) न मोजणारे उष्मांकमूल्य, म्हणजे गॅसमधल्या उष्णतेचा आकडा, धरले, तर ती वाफ धुरातच थंडावून पाणी करणारे यंत्र कागदावर शंभराच्या वर जाऊ शकते. त्यासाठी धूर सुमारे 55 अंशांखाली न्यावा लागतो. फीड टाकीतले, म्हणजे बॉयलरला पुरवायचे, पाणीच 80 अंशांचे असेल तर ते घडणार नाही. आणि घडले तर आम्लधर्मी पाण्याने साधे पोलाद गंजते, म्हणून स्टेनलेस स्टील लागते.

सॉफ्टनरविषयी एवढेच की काजळी धुराच्या बाजूला धरते आणि क्षार पाण्याच्या बाजूला. गॅस स्वच्छ जळतो म्हणून बोअरच्या पाण्यातले क्षार कमी होत नाहीत.

त्याच कारखान्यात जॅकेटच्या (दुहेरी भिंतीच्या, वाफेवर तापणाऱ्या) कढयांमधले कडकडीत कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंडावून झालेले पाणी, गटारात जाते आणि फीड टाकीत नळाचे थंड पाणी पडते. त्याच पुस्तकानुसार फीडचे पाणी 6 अंशांनी तापवले की सुमारे 1 टक्का इंधन वाचते. भाच्याने डॅम्पर पूर्ववत केला आहे. एक पाइप आणि एक पंप टाकून ते कंडेन्सेट टाकीत परत आणा, असे आता त्याने मालकांना लेखी कळवले आहे.