तीन लढतींत जगज्जेते व्हा!

बॉक्सिंगमध्ये वर यायचा रूढ मार्ग फार कंटाळवाणा आहे. आधी लहानसहान सभागृहांत चार-चार फेऱ्यांच्या लढती, मग सहा, आठ, दहा फेऱ्यांच्या. मग क्रमवारीत शेवटून कुठेतरी नाव, आणि मग कधीतरी एखाद्या विजेत्याचा प्रमोटर तुमचा फोन उचलतो. तुमच्याकडे इतका वेळ नाही. असू पण नये.

थायलंडच्या साएनसाक मुआंगसुरिनकडे पाहा. 15 जुलै 1975, बँकॉक. आयुष्यातली तिसरी व्यावसायिक लढत, समोर स्पेनचा पेरिको फर्नांडिस. आठ फेऱ्यांत काम झालं आणि डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा सुपर लाइटवेट वजनगटातला विजेतेपदाचा पट्टा कमरेला. 2014 मध्ये युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोनेही तिसऱ्याच लढतीत जगज्जेतेपद मिळवलं. महिन्याला एक लढत धरली तरी गणपतीत नाव नोंदवून दिवाळीपर्यंत तुमचा सत्कार उरकतो.

पूर्वतयारी किरकोळ आहे. लोमाचेन्कोच्या पद्धतीने जायचं तर 397 हौशी लढती खेळा आणि त्यातल्या 396 जिंका. एक हरायची मुभा आहे (त्याने ती 2007 मध्ये शिकागोच्या विश्व स्पर्धेत, अंतिम फेरीत अल्बर्ट सेलिमोव्हपुढे वापरली), पण त्याच सेलिमोव्हला पुढे दोनदा हरवून उधारी फेडावी लागते. मधल्या वेळात ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं आणा. 2008 चं एका वजनगटात, 2012 चं दुसऱ्या. प्रशिक्षक म्हणून वडीलच निवडावेत, आणि ते असे असावेत की पोराचे हातमोजे काढून घेऊन त्याला काही वर्षं लोकनृत्याच्या वर्गात पाठवतील. नाच कशाला, असं विचारू नका. लोमाचेन्कोसारखा डावखुऱ्या पवित्र्यातला बॉक्सर पुढचा उजवा पाय प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पायाच्या बाहेर टाकून त्याच पायावर गर्रकन फिरतो, तेव्हा समोरच्याला ठोसा मारण्याआधी अख्खं अंग वळवावं लागतं. तेवढ्यात त्याला तीन ठोसे बसलेले असतात. ही गिरकी महिन्याभराच्या क्रॅश कोर्समध्ये मिळत नाही, पण तुम्ही चौकशी करून पाहा.

यातलं काहीही ‘व्यावसायिक अनुभव’ या रकान्यात धरत नाहीत, ही या धंद्यातली मोठी सोय. तुम्ही नवखेच राहता. (वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंग या निम-व्यावसायिक लीगमधल्या लोमाचेन्कोच्या पाच-पाच फेऱ्यांच्या सहा लढतीही काही चिकट लोक मोजतात. मग तिसरी लढत नववी होते. अशांच्या नादी लागू नका.)

ऑलिंपिक जमत नसेल तर साएनसाकची वाट धरा: आधी मुए थाईमध्ये नाव कमवा. लाथा, गुडघे आणि कोपरं खाऊन तयार झालेल्या माणसाला नुसत्या मुठींची धास्ती ती किती? बाकी हुशारी प्रतिस्पर्धी निवडण्यात आहे. दुसऱ्याच लढतीत त्याने जपानच्या लायन फुरुयामाला हरवलं. आदल्या वर्षी रोममध्ये याच फुरुयामावर गुणांनी मात करून फर्नांडिस विजेता झाला होता. म्हणजे तीन लढती, पण एकही वाया घालवलेली नाही. तुमच्या मॅनेजरला एवढं गणित येतं का, ते आधी तपासा.

आता अडचणी. दुसरी लढत ओर्लांडो सालिदोसारख्या माणसाशी घेऊ नये. या मेक्सिकन गृहस्थाने बारा पराभव पचवले होते आणि प्रत्येकातून तो काहीतरी शिकला होता. 1 मार्च 2014 ला सान अँटोनियोत फेदरवेटची मर्यादा 126 पौंड असताना तो वजनाला 128.25 पौंड भरला. काट्यावरच त्याचा पट्टा गेला, पण लढत झालीच. रात्री रिंगमध्ये उतरला तेव्हा तो 147 पौंडांचा होता, लोमाचेन्को 136 चा. मग बाराही फेऱ्या अंगाला बिलगणं, रेटणं आणि कमरेखाली ठोसे. रेफरीने एकाही ठोशाचा गुण कापला नाही. तीन फेऱ्यांच्या हौशी लढतींत ही विद्या शिकवत नाहीत, तिथे झोंबाझोंबी झाली की लगेच सोडवतात. दोन विरुद्ध एक निकालाने लोमाचेन्को हरला आणि पट्टा कुणालाच न मिळता रिकामा राहिला. जूनमध्ये गॅरी रसेल ज्युनियरला हरवून त्याने तोच उचलला. तेव्हा पराभवालाही हरकत नाही, फक्त समोरच्याने जेवून यायला हवं.

पहिल्याच लढतीत पट्टा हवा, असा हट्ट असेल तर पीट रॅडमाकर तुमचा आदर्श. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकचा हेवीवेट सुवर्णविजेता. 22 ऑगस्ट 1957 ला सिएटलमध्ये तो व्यावसायिक पदार्पणातच थेट जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनपुढे उभा राहिला. त्यासाठी पॅटरसनला अडीच लाख डॉलर मानधनाची हमी मिळाली होती. दुसऱ्या फेरीत रॅडमाकरने त्याला खाली पाडलं. सहाव्या फेरीत तो स्वतः नॉकआऊट झाला, पण मधल्या काही मिनिटांत पी हळद आणि हो गोरी हा प्रयोग यशस्वी होता होता राहिला.

पदकही नाही आणि पैसेही नाहीत? मग विक्रमच रचा, म्हणजे कागदावर. पराग्वेच्या राफाएल लोव्हेराला 1975 च्या सप्टेंबरमध्ये काराकासला डब्ल्यूबीसीच्या रिकाम्या लाइट फ्लायवेट पट्ट्यासाठी उतरवलं, तेव्हा त्याच्या नावावर विजयांची भरगच्च यादी दाखवली होती. प्रत्यक्षात ते पदार्पण होतं, असं नंतर उघड झालं. समोरच्या लुइस एस्ताबाला मात्र चौथ्या फेरीतच उघड झालं.

पट्टा मिळालाच, तर लिऑन स्पिंक्सप्रमाणे सांभाळा. आठव्या लढतीत, 15 फेब्रुवारी 1978 ला, त्याने छत्तीस वर्षांच्या मुहम्मद अलीला हरवून डब्ल्यूबीसी आणि डब्ल्यूबीए (तशीच दुसरी संघटना) असे दोन्ही हेवीवेट पट्टे घेतले. डब्ल्यूबीसीला त्याची पुढची लढत केन नॉर्टनशी हवी होती. स्पिंक्सने जास्त पैशांची अलीशीच फेरलढत पत्करली, म्हणून मार्चमध्ये तो पट्टा काढून घेतला गेला. डब्ल्यूबीएचा सप्टेंबरमध्ये अलीने नेला. सात महिन्यांत दोन्ही पट्टे गेले, तेव्हा फोटो पहिल्याच आठवड्यात काढून घ्या.