पुन्हा खट्! ब्रेकर पडला, वीज गेली.

किती वेळा सांगायचं? एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावायचा नाही! आमच्या आरव्हीला, म्हणजे या चाकांवरच्या घराला, कॅम्पग्राउंडवर मिळते ३० अँपिअरची लाइन. अमेरिकेतले १२० व्होल्ट धरले तर सगळे मिळून ३,६०० वॅट. त्यातले दीडेक हजार एकटा एसीच गिळतो. वर मायक्रोवेव्ह, खिचडीचा इलेक्ट्रिक कुकर आणि कन्येचा हेअर ड्रायर. की झालंच. खट्!

तेही कुठे, तर युटातल्या मोआबला, जुलैच्या भर दुपारी. बाहेर लाल खडक तव्यासारखे तापलेले, आत आम्ही पाच जण उकडतोय आणि प्रत्येकाचं एकच पालुपद, "मी काहीच केलं नाही."

मग मी उठायचं. ब्रेकर कधी आतल्या पेटीतला पडतो, कधी बाहेरच्या खांबावरचा. आतली पेटी कुठे? अगदी जमिनीलगत. म्हणजे गुडघे टेका, टॉर्च शोधा (तो जागेवर नसतोच), बटण आधी पूर्ण खाली, मग वर. नवरा ड्रायव्हरच्या खुर्चीतून सूचना देतो. उठत मात्र नाही, कारण 'सात तास गाडी चालवलीये'.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वाड्यात दोन खोल्यांत मिळून एक दिवा होता." खरंय हो आई. पण कुकर तुम्हीच लावला होतात ना?

संध्याकाळी आर्चेस नॅशनल पार्कला सगळे कसे गोड. फोटोत हसतायत. परत आलो, दार उघडलं, एसी लावला, आणि कुणीतरी म्हणालं, "चहा गरम करते हं पटकन..."

थांब! थांब म्हणतेय ना!