नाशकात बर्फ पडत नाही, मान्य

'स्पष्टवक्ता' या नावाने लिहिणारे महोदय,

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, खाली जशीच्या तशी आहे. क्रॉस-कंट्री स्कीइंगवाल्यांचा, म्हणजे पायाला स्की नावाच्या लांब पट्ट्या लावून, हातात काठ्या घेऊन बर्फावरून लांबलांब अंतर जाणाऱ्यांचा, सराव आणि विश्रांती यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही चार गोष्टी म्हणालात. फोटोखालची ओळ चुकली. त्यांच्या तासांचे आकडे नोकरदाराच्या काय कामाचे. सरावानंतर दूध-केळी पुरत नाहीत. आणि चौथी, जी तुम्ही अगदी पहिल्या ओळीत फेकलीत: "नाशकात गंगापूर रोडला मिसळ खात बर्फाच्या गप्पा मारायला काय जातंय?"

फोटोचं आधी मिटवतो. चूक माझी, ओळीत मी 'क्लासिक' पद्धत म्हटलं होतं. फोटोत स्की इंग्रजी व्हीसारख्या फाकलेल्या आहेत, म्हणजे ती स्केटिंगची पद्धत. क्लासिकमध्ये दोन्ही स्की बर्फातल्या समांतर खाचांतून रुळावरच्या गाडीसारख्या जातात. ओळ बदलली. आभार.

आता मिसळ.

मिसळ मी खातो, दर रविवारी खातो, आणि जादा तर्री घेऊन खातो. प्रश्न 'काय जातंय' या सुराचा आहे. 'तुम्ही कधी बर्फावर गेलात का?' असं साधं विचारता आलं असतं. मग मीही साधं सांगितलं असतं, की गेलोय, गुलमर्गला, १६ दिवस, त्यातले पहिले सहा बहुतेक उताणा. बाकी सगळं रोलर-स्कीवर, पहाटे पाचला, धरणाच्या रस्त्याने. रोलर-स्की म्हणजे पुढे एक, मागे एक चाक लावलेली पट्टी. माझ्या जोडीला ब्रेक नाही. काठीचं टोक डांबरात धरतं आणि गुळगुळीत काँक्रीटवर घसरतं, ही माहिती मी नेटवरून उचललेली नाही, उजव्या कोपरावर त्याची खूण आहे. सोमेश्वरच्या पुढची कुत्र्यांची टोळी साक्षीला आहे. त्यांनाही माझ्याबद्दल तुमच्यासारखंच वाटतं.

आणि 'नाशकात' म्हणजे काय हो? चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे पाण्यासाठी वणवण करणारं गाव. तिथला दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये नौका वल्हवत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. तो वल्हवायला शिकला पुण्याला, सैन्यात गेल्यावर, हे मला माहीत आहे, लगेच टाइप करायला घेऊ नका. पण तळेगावात पाणी नाही म्हणून त्याला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

नोकरदाराचं म्हणाल, तर मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत २३ वर्षं तिन्ही पाळ्या केल्यात. रात्रपाळी करून आल्यावर बूट बदलून धावायला जायचो, आणि रोज दम लागेस्तोवर धावायचो, कारण हळू धावताना ओळखीचं कुणी दिसलं तर लाज वाटायची. एका डिसेंबरात सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी ४८ वरून ६० च्या घरात गेली. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. ही विश्रांती कमी पडल्याची लक्षणं, पण मला वाटलं, आळस वाढला. अंतर वाढवलं. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ मी चालत चढलो, आणि शेजारून पासष्टीचे एक आजोबा "चलो बेटा" म्हणत पुढे गेले.

म्हणून त्या स्कीवाल्यांचं वाचायला लागलो. मॅरिट ब्योर्गेन, नॉर्वेची, हिवाळी ऑलिंपिकची १५ पदकं, त्यातली ८ सुवर्ण. बहराच्या वर्षांत तिचा सराव वर्षाला ९०० तासांच्या वर, आणि त्यातला बहुतेक सगळा गप्पा मारता येतील अशा वेगाचा. हलक्या सरावाच्या दिवशी चढावर नाडी वर जायला लागली की ही जगज्जेती माणसं सरळ चालतात. मार्चमध्ये हंगाम संपला की एप्रिलभर ढिलाई, नवं वर्ष मेपासून. आपल्याकडे मुंबई झाली की दुसऱ्या आठवड्यात पुढच्या शर्यतीचा फॉर्म भरलेला असतो.

झालं तुमच्या आकड्यांना उत्तर. आठवड्याला सहाच तास मिळणाऱ्याने त्यातले पाच हळू घालवले तर उरतं काय, असंही तुम्ही विचारलंत. त्यावर ज्याला वाद घालायचा त्याने घालावा, मला शनिवारी घर झाडायचं असतं.

दूध-केळ्यांवर काय बोलणार? डब्यातली प्रोटीन पावडर तुम्हाला लखलाभ.

एक मात्र लागलं. लेखात मी लिहिलं होतं, की ही मंडळी सराव संपताक्षणी आधी अंगातला ओला शर्ट काढून कोरडा घालतात, मग पाणी, मग खाणं, मग बाकीचं. नाशकातल्या डिसेंबरच्या थंडीत ओल्या टी-शर्टवर चहाच्या टपरीपाशी तासभर वेगाच्या बाता मारणाऱ्यांसाठीच ते होतं. सगळ्या लेखात तेवढा परिच्छेद मी तीनदा लिहून काढला होता, आणि त्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

रविवारी पाचला सोमेश्वर मंदिराबाहेर असतो. खरं नाव सांगून या. येताना कोरडा शर्ट आणा, मिसळ माझ्याकडून.