नळ पाइपाला, पाइप नळाला

“जरा हळू फिरवत जा सर, बाकी काही नाही,” असं प्लंबरने फोनवर सांगितलं, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. फिरवण्यासाठीच बनवलेली वस्तू फिरवली, तर दोष माझा!

बाथरूममध्ये कन्सील डायव्हर्टर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळून खालच्या धारेकडे किंवा शॉवरकडे वळवणारा, भिंतीच्या आत लपवलेला नळ, बसवून घेतला होता. नॉब वळवला की मागची चकचकीत प्लेटही वळायची, आणि शॉवरसाठी ओढला की अख्खं प्रकरण सैल दातासारखं बाहेर यायला बघायचं. पुण्याहून साडू आले, तर टॉवेलबरोबर त्यांना आंघोळीच्या सूचना द्याव्या लागल्या : एका हाताने प्लेट दाबून धरा, दुसऱ्याने नॉब फिरवा. “आणि साबण?” साडूंनी विचारलं. जेवतानाही पुन्हा विचारलं. पुण्यात फोन लावून तिकडेही विचारलं.

आमची ही बेडरूम-बाथरूममधली भिंत विटांची नाही. ५० मिमीचे पत्र्याचे चॅनेल, त्यांवर दोन्हीकडून ८ मिमीचे सिमेंट बोर्ड. टाइल सोडली तर भिंत एकूण ६६ मिमी. २०१६च्या रेरा कायद्यात आतल्या भिंतींची जाडीसुद्धा कार्पेट एरियात धरतात, म्हणजे या भिंतीखालच्या जागेचेही पैसे मी मोजलेत. मोजलेच आहेत, तर निदान भिंत तरी द्यायची होती. पण बिल्डरशी असं बोलायला गेलं की तो आधी चहा मागवतो आणि मग ऐकत नाही.

तर शेवटी प्लंबर आला. गाडीवर मागे त्याचे सासरे. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, त्यांचे डोळे दाखवायचे होते, वाटेत माझं काम. म्हातारबुवा उमरेडकडचे. पांढरं धोतर, हातात पिशवी. चपला दाराशी काढून ते थेट बाथरूममध्ये गेले, माझी बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि जावयाचं काम तपासायला लागले.

बोटाने भिंत वाजवली. “जवाईबापू, हे भित हाये का पेटी?”

“भितच हाये मामाजी. आता अशाच रायतात.”

“मंग नळ आतमंदी काऊन लपवला? चोरीचा हाये का?”

“फॅशन हाये.”

मामाजींनी प्लेट धरून हलवली. भिंतीच्या आत काहीतरी खडखडलं. “हा नळ कशाले धरून हाये?”

“पाइपाले.”

“अन् पाइप?”

जावयाने तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात नेला. “नळाले.”

बाथरूममध्ये शांतता पसरली. मी दारात उभा राहून टाइलच्या सांध्यांकडे बघत होतो. सासऱ्यासमोर जावयाची अशी गत बघणं बरं नाही, आणि हसू तर येत होतं.

“मोटर बसवताना खाली बाभळीचं लाकूड टाकतो आमी,” मामाजी म्हणाले. “मांगून लाकूड दे ना.”

एवढंच करायचं होतं हो! दोन चॅनेलांच्या मध्ये १९ मिमी मरीन प्लायची आडवी पट्टी, दोन्ही टोकांना चॅनेलमध्ये स्क्रू, त्या पट्टीवर डायव्हर्टरची बॉडी घट्ट, आणि गरम-थंड दोन्ही पाइपांना क्लॅम्प. बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा रेघाही असतात, टाइल त्यांच्या मध्ये आली पाहिजे. हे टाइल लावण्याआधी केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. न केल्यामुळे नॉबचा प्रत्येक पीळ सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाच्या, जोडावर जात होता. तो जोड भिंतीत गळायला लागला असता, तर आम्हाला खालच्या मजल्यावरच्यांकडून कळलं असतं.

टाइल फोडायच्या नाहीत म्हणून बेडरूमच्या बाजूने बोर्ड कापायचं ठरलं. तिथे कपाट. कपाटात साड्या. तो भाग सोडून देतो.

भोक पडलं, आणि पलीकडून टाइलच्या गाळ्यातून मामाजींचा एक डोळा दिसू लागला. मोतीबिंदू होता म्हणे त्या डोळ्यात, पण स्क्रू वाकडा गेला की पहिला त्यालाच दिसायचा. “उजवीकडं घे जवाई. माह्या उजवीकडं.” मग पंप लावून प्रेशर टेस्ट झाली. काटा खाली येतो का ते बघायला आम्ही तिघं थांबलो. काटा हलला नाही, तसे मामाजी उठले, नॉब थंडाकडे वळवला आणि धारेखाली हात धरला.

“उलटा लावला.”

पाणी कढत होतं. मे महिना, गच्चीवर काळी टाकी, दुपारचा दीड. नागपुरात या दिवसांत गरम-थंड मिसळायचा नॉब शोभेचाच असतो, पण जावयाचा चेहरा उतरला आणि त्याने सगळं पुन्हा तपासलं. डावीकडे गरम, उजवीकडे थंड, बरोबर होतं. मामाजींना पटलं नाही ते नाहीच.

प्लेट आता हलत नाही. बिल मात्र पहिल्यापेक्षा जास्त, कारण “दोन्हीकडून काम झालं सर”. म्हणजे स्वतःचीच चूक दुरुस्त करण्याचे पैसे. एरवी मी भांडलो असतो. पण सासरे शेजारी उभे, मान डोलावत होते, जावयाच्या कमाईचा आकडा ऐकत. मी मुकाट नोटा मोजल्या, वर पन्ह्याचा ग्लासही दिला. जाताना मामाजी म्हणाले, “कमी सांगतले तुनं.”

बेडरूममधलं भोक बुजवणारा बोर्डवाला रोज वर्धा रोडवर अडकलेला असतो. साड्या सोफ्यावर आहेत. आणि साडू विचारतायत, आंघोळ सुटसुटीत झाली असेल तर दिवाळीला येऊ का.