गाडीचं तोंड बंद करू नका

दसऱ्याला नवी गाडी घेताना चाकाखाली लिंबू ठेवायचं, बोनेटवर स्वस्तिक काढायचं, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. त्या गडबडीत एक विधी मात्र घाईत उरकला जातो, तो संमतीचा. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये सेल्समन तुमचाच फोन हातात घेतो, कंपनीचं अ‍ॅप टाकतो आणि म्हणतो, "सर, ओटीपी सांगा." सांगून टाका. अटींचं लांबलचक पान तो अंगठ्याने सरकवत तळाशी नेईल आणि सगळ्या चौकोनांत टिचक्या मारेल. तोवर तुम्ही पेढा खा. "यातल्या 'भागीदार कंपन्या' म्हणजे कोण हो?" असं विचारून शुभकार्यात विघ्न आणू नका.

एवढं झालं की गाडी कंपनीशी बोलायला मोकळी. छतावर मागे शार्कच्या पंखासारखा अँटेना दिसतो. डॅशबोर्डच्या आत किंवा छताखाली टेलिमॅटिक्सचा, म्हणजे गाडीची माहिती कंपनीला पाठवणारा, डबा असतो, त्यात कायमचं बसवलेलं ई-सिम. जीपीएस बिचारं निरुपद्रवी, ते फक्त उपग्रहांचं ऐकतं. बोलतं ते सिम. त्याचा रिचार्ज सुरुवातीची काही वर्षं कंपनी स्वतःच्या खर्चाने करते. या औदार्याचं कारण शोधत बसू नये. काही हुशार मंडळी अ‍ॅप काढून टाकतात आणि निर्धास्त होतात. त्यांना निर्धास्त राहू द्या. अ‍ॅप ही गाडीत डोकवायची तुमची खिडकी. ती बंद केल्याने गाडीचं आणि कंपनीचं संभाषण थांबत नाही.

पेंचच्या जंगलात रेंज नसते म्हणून तेवढा प्रवास वाया जाईल, ही काळजीही नको. बरेचसे डबे नोंदी पोटात साठवतात आणि रेंज आली की एकदम ओततात. इंजिन कधी सुरू झालं, कुठे बंद झालं, वेग किती, ब्रेक किती जोरात दाबला, सगळं वेळेसकट.

"आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय बाप्पा?" अगदी बरोबर. गाडी रात्री जिथे उभी राहते ते घर, दिवसा जिथे उभी राहते ते ऑफिस. धरमपेठ आणि हिंगणा एमआयडीसी, या दोन ठिपक्यांत तुम्ही निम्मे सापडलात. २०१३ मध्ये संशोधकांनी १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नावं काढून टाकलेल्या यादीतही ठिकाण-वेळेचे चार ठिपके ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरले. त्यामुळे 'माहिती निनावी ठेवली जाते' हे वाक्य वाचलं की मनापासून समाधान मानावं. श्रावणी सोमवारी दुपारी सव्वा तास सावजी भोजनालयासमोर उभी असलेली गाडी कोणाची, हे घरी कळणार नाही. ते फक्त सर्व्हरला कळेल, आणि तुमच्या अ‍ॅपचा पासवर्ड ज्यांना ठाऊक आहे त्यांना.

कंपन्या ही माहिती जिवापाड जपतात. टोयोटाने जपानमधल्या सुमारे साडेएकवीस लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती अशी जपली, की २०१३ पासून जवळपास दहा वर्षं तिला कुलूपच नव्हतं. हे कळलं २०२३ मध्ये. फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती २०२४ च्या शेवटी उघड्यावर सापडली. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं ठिकाण दहा सेंटीमीटरपर्यंत अचूक होतं. आपल्याला महाल भागात पार्किंग शोधताना दहा मीटरचाही अंदाज येत नाही, त्यामानाने प्रगती आहे. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ ब्रँड तपासले आणि पंचवीसच्या पंचवीस गोपनीयतेत नापास केले. एवढा एकसारखा निकाल शाळेत लागत नाही.

विक्रीच्या बाजूलाही काम जोरात. ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा जनरल मोटर्सवर आरोप असा, की काही गाड्यांचं ठिकाण दर तीन सेकंदांना टिपलं जायचं आणि ते चालकाच्या स्पष्ट संमतीशिवाय विकलं जायचं. चालवण्याच्या सवयींचे तपशील विमा कंपन्यांपर्यंत पोचले, कोणाचे हप्ते वाढले, आणि कारण त्यांना नंतर कळलं. २०२५ च्या जानेवारीत अशा विक्रीवर पाच वर्षांची बंदी प्रस्तावित झाली.

आपणही मागे नाही. विमा नियामकाने २०२२ च्या जुलैत 'जेवढी चालवाल तेवढा भरा' आणि 'जशी चालवाल तसा भरा' अशा पुरवणी विमा योजनांना परवानगी दिली. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅप तरी असतं किंवा स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या, मेकॅनिक बिघाड तपासतो त्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचं एक छोटं यंत्र. जरूर खोचा. यंत्र जोरदार ब्रेक मोजतं, ब्रेकचं कारण मोजत नाही. सीताबर्डीत ई-रिक्षा कडेने शिरली, रिंग रोडवर दुभाजकातून गाय उतरली, की गुण तुमचे कटले. ब्रेक न मारता गाय उडवलीत, तर ब्रेकच्या रकान्यात तुमची पाटी कोरी.

आता चुकूनही करू नये असं थोडं. बऱ्याच गाड्यांच्या किंवा अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'कनेक्टेड सेवा' किंवा 'प्रायव्हसी' असा रकाना असतो. तिथे ठिकाण, चालवण्याचा अहवाल, जाहिराती अशा संमती बऱ्याचदा वेगवेगळ्या बंद करता येतात. तिकडे फिरकू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करून 'माझी कोणती माहिती कोणाला दिली' असं विचारू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि हे कलम लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने, म्हणजे कंपन्यांना तयारीला सवड मिळाली. कोणी मेकॅनिक "भाऊ, फ्यूज काढून देतो" म्हणाला तर मात्र खरंच नाही म्हणा: त्या डब्यावरच एसओएस बटण चालतं, काही गाड्यांत हँड्सफ्री माइकही. समृद्धीवर रात्री अपघात झाला तर मदतीचा फोन लागायचा नाही, आणि वॉरंटीचा वाद वेगळा.

गाडी विकताना आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरा. त्यांत अ‍ॅपचा उल्लेख नसतो, तेव्हा तो विषय संपला. फॅक्टरी रीसेट करू नका, ब्लूटूथमधले फोन पुसू नका, म्हणजे तुमच्या सासरच्यांचे नंबर आणि मॅपवरचं 'घर' नव्या मालकाला आयते मिळतील. अ‍ॅपवरून गाडीही काढू नका. ती उमरेडला रात्री कुठे थांबते ते तुम्हाला दिसत राहील. दुरून एसी सुरू करायची सोय असेल तर मे महिन्यातल्या भर दुपारी त्याची उभी गाडी इथे बसून गार करून द्या. पेट्रोल त्याचंच जाईल, आणि हे कोण करतंय याचा पत्ता लावायला त्याला दोन-तीनदा तरी सर्व्हिस सेंटर गाठावं लागेल.